रेवदंड्याचा खाडीकाठ, पुळण आणि जुनं बंदर: सतत येणारे प्रश्न

कुंडलिकेच्या काठानं चालत रेवदंड्याच्या पुळणीवर जायचं आणि वाटेत जुनं बंदर बघायचं, याबद्दल तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून सगळे एका जागी टाकतोय. सोपे आधी, किचकट नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ वाचल्याशिवाय निघू नका.

१. हे नक्की कुठलं चालणं? मुरुडच्या वाटेवरचं रेवदंडा तेच का?

हो तेच. रायगड जिल्हा, अलिबाग तालुका. कुंडलिका नदी रोह्यावरून येते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिच्या उत्तर काठाला रेवदंडा, दक्षिणेला साळाव आणि पुढं समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. आपण साळाव पुलाच्या रेवदंड्याकडच्या टोकापासून सुरू करतो, खाडी डाव्या हाताला ठेवून कोळ्यांच्या होड्या लागतात त्या बाजूनं पुढं जातो, मग पोर्तुगीजांच्या तटाच्या कडेनं वळून समुद्राच्या बाजूला निघतो, आणि तिथून सुरूच्या झाडांच्या पायथ्याशी लांबच लांब पुळण. म्हणजे नदी, बंदर, किल्ला आणि समुद्र असं सगळं एकाच चालण्यात येतं. बहुतेक लोक गाडीतून पुलावरून मुरुडला निघून जातात आणि खाली काय आहे ते बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

२. मुंबईहून गाडी न घेता जमेल का?

आरामात. गेटवेहून मांडव्याची लाँच घ्या, किंवा भाऊच्या धक्क्याहून रो-रो. लाँचवाल्यांची मांडवा ते अलिबाग बस असते, अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरा आणि रेवदंडा किंवा मुरुडची एसटी पकडा. आक्षी, नागाव, चौल करत रेवदंडा येतं, अंतर १७-१८ किलोमीटर. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी वाड्या, शनिवारी-रविवारी ट्रॅफिक भयंकर, त्यामुळं जमलं तर मधल्या वारी या. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे हे अलिबागला उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.

पुण्याकडून येणाऱ्यांना ताम्हिणी उतरून कोलाड, रोहा असं येता येतं. ट्रेननं यायचं तर रोहा किंवा पेण, पुढं एसटी.

३. अंतर किती, वेळ किती लागतो?

सरळ चालत सुटलात तर तासाभरात पुळणीवर असाल, पण तसं करू नका. होड्या बघत, तटाचे दगड बघत गेलात तर अडीच-तीन तास सहज जातात. किल्ल्याच्या आतलं बघायचं असेल तर अर्धा दिवस धरा. चढ नाहीच. पायाखाली कुठं डांबर, कुठं माती, कुठं दगड आणि शेवटी वाळू.

४. किती वाजता निघायचं?

याचं उत्तर घड्याळात नाही, तिथीत आहे. तटाच्या पायथ्याची वाट ओहोटीला मोकळी असते आणि भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून आधी भरती-ओहोटी बघा आणि मग एसटीचं टाइमटेबल.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीला पाऊण नं गुणायचं, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही तीच आणि रात्रीही साधारण तीच. उदाहरणार्थ चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा की सव्वानऊला पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष बदलला की परत एकपासून मोजायचं, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हीला पंधरा धरायचे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, पौर्णिमेला तर बऱ्याचदा हिशोबापेक्षा उशीरच, त्यामुळं मोबाईलवर भरतीचा तक्ताही बघून घ्या. पण रेंज गेली तरी कालनिर्णय बघून आलेला माणूस अडत नाही.

आता याचा चालण्यासाठी अर्थ असा: सकाळी चालायचं असेल तर पाडवा ते चतुर्थी हे दिवस उत्तम, कारण ओहोटी सातपासून सव्वानऊपर्यंत कुठंतरी येते. संध्याकाळी चालून सूर्यास्त बघायचा असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या, ओहोटी चार ते साडेपाच-सहाच्या दरम्यान. एकादशीला सकाळी आठला निघालात तर पाणी बरोबर तटाला लागलेलं असणार.

नियम एकच: पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघा, म्हणजे पाणी तुमच्यासोबत मागं सरकत जातं आणि परतायलाही वेळ उरतो. उलट केलंत, ओहोटी संपल्यावर तटाखाली शिरलात, तर पाणी चढत असतं आणि एका बाजूला दगडी भिंत, पळायला जागा नाही.

५. पौर्णिमेला तर मोठी भरती असते ना, मग तेव्हा सोपं आणि अष्टमीला अवघड असं कसं?

हा प्रश्न फार येतो आणि बरोबर आहे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर चढते, पण ओहोटीही तितकीच खोल जाते. आणि उधाणाची भरती येते दुपारी बाराच्या आसपास, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी नेमकी ओहोटी मिळते, पुळण एवढी रुंद होते की पाणी लांब कुठंतरी दिसतं. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी फार वर येत नाही पण फार खालीही जात नाही, आणि भरती पडते सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे नेमकी आपल्या फिरायच्या वेळेला. ओहोटी येते भर दुपारी बाराला, तेव्हा उन्हात कोण चालणार. म्हणून भांगाच्या दिवसांत यायचंच असेल तर तटाखालची वाट सोडा आणि गावातून, वाड्यांमधल्या रस्त्यानं पुळणीवर जा, तो रस्ताही सुंदर आहे.

एक सावधानता: उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला तटाखाली अजिबात नको, तेव्हा पाणी सर्वात जास्त आणि ओढही जास्त.

६. पावसाळ्यात केलं तर?

जून ते ऑगस्ट तटाखालची वाट नाहीच. दगडांवर शेवाळ असतं, लाटा तटावर आदळतात, खाडी चहाच्या रंगाची होऊन भरून वाहते. गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात बंद असते. पण किल्ल्याच्या आत, नारळी-पोफळीत, पावसाची एखादी उघडीप मिळाली तर रेवदंडा जितकं हिरवं दिसतं तितकं वर्षभरात कधीच दिसत नाही. तेव्हा या, पण आतूनच फिरा.

मासे खायच्या आशेनं येत असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यांना रंग द्यायचं, जाळी विणायचं काम चालू असतं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की परत जोर येतो.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

७. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. आणि सोबत पाच वर्षांची मुलगी. जमेल?

मुलीला जमेल, वाळू आणि खेकडे दिसले की ती तुमच्या पुढं पळेल. आई-बाबांना तटाखालच्या दगडांवरून नेऊ नका. रिक्षानं पुळणीपर्यंत सोडा, तिथं ओहोटीला वाळू घट्ट असते, काठी टेकत छान चालता येतं, कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पाय रुततात आणि गुडघे आणखी दुखतात. तुम्ही दोघं-तिघं खाडीकडून चालत या आणि तिथं भेटा. व्हीलचेअर वाळूत चालत नाही, पण किल्ल्याच्या आतून गेलेल्या डांबरी रस्त्यावरून बरंच काही दिसतं.

८. "जुनं बंदर" म्हणता, मग दिसत काहीच नाही! धक्का कुठाय, गोदामं कुठायत?

लोक मुंबईच्या गोदीसारखं काहीतरी शोधत येतात. इथं बंदर म्हणजे ही खाडीच. पुलाजवळ उभे राहून समुद्राकडं तोंड करा. समोर डावीकडं कोर्लईचा डोंगर समुद्रात लांब घुसलाय, उजवीकडं रेवदंड्याची जमीन, मधून कुंडलिकेचं तोंड. त्या डोंगराच्या आडोशाला लाट मोडते आणि आतलं पाणी शांत राहतं. शिडाच्या जहाजाला हवं असतं ते एवढंच: शांत पाणी, नांगर धरेल असा तळ, प्यायचं गोडं पाणी आणि घाटावर जायला वाट. जहाजं खाडीत नांगर टाकायची, माल पडावांतून काठाला यायचा, आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून जुन्नर-पैठणाकडं. तो शांत पाण्याचा तुकडा आजही जसाच्या तसा आहे आणि आजच्या होड्याही त्याच आडोशाला लागतात, म्हणून मी म्हणतो की बंदर दिसतंच, नजर फक्त जमिनीवरून काढून पाण्यावर ठेवायला हवी.

वय विचाराल तर दोन हजार वर्षांच्या घरात. ग्रीक खलाशी आणि टॉलेमी याला सेमिल्ला, सिमिल्ला म्हणतात, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूलच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत, अरब लिहितात सैमूर. अल मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं येऊन गेला, आणि गावात ओमान, बसरा, बगदादकडून येऊन स्थायिक झालेले हजारो मुसलमान राहतात असं लिहून गेला.

९. मग ते चौल ना? चौल आणि रेवदंडा एकच की वेगळं?

आज दोन वेगळी गावं, अगदी चिकटून. जुनं मोठं शहर म्हणजे चौल, आतल्या बाजूला, जिथं रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी आहे. तोंडावरची जागा म्हणजे रेवदंडा. १५२१ च्या सुमाराला बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी इथं किल्ला बांधायला घेतला, हळूहळू तटाच्या आत त्यांचं अख्खं शहर उभं राहिलं, चर्च, मठ, घरं सगळं. तेव्हा पोर्तुगीजांच्या लेखी वरचं चौल म्हणजे निजामशाहीचं आणि खालचं चौल म्हणजे त्यांचं. पुस्तकात "चौलचा किल्ला" वाचून चौलात शोधत फिरू नका, तो रेवदंड्यात आहे, त्यालाच आगरकोटही म्हणतात.

चौलमध्ये ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं इथले जुने लोक सांगतात. मोजायला जाऊ नका, पण रामेश्वर आणि डोंगरावरचं दत्ताचं देऊळ चुकवू नका. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथं पाच दिवस मोठी जत्रा भरते, तेव्हा रस्ता तुडुंब असतो हेही लक्षात ठेवा.

१०. इथं समुद्रात मोठी लढाई झाली होती असं ऐकलं, खरं का?

खरं, आणि ती खाडीच्या तोंडालाच झाली. मार्च १५०८. इजिप्तच्या सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि गुजरातच्या सुलतानाचं मलिक अयाझच्या हाताखाली, दोन्ही मिळून खाडीत असलेल्या पोर्तुगीज जहाजांवर चालून आले. पोर्तुगीजांचा म्होरक्या होता लोरेन्सो द आल्मेडा, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा. बाहेर निसटायच्या नादात त्याचं जहाज कोळ्यांनी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकलं. तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय गेला, तरी डोलकाठीला टेकून हुकूम सोडत राहिला म्हणतात, आणि तिथंच मेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा समुद्रावर झालेला हा पहिला मोठा पराभव. बापानं दुसऱ्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला, तो वेगळा विषय.

मला यातले ते खुंट महत्त्वाचे वाटतात. डोल जाळी लावायला कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी आजही तसे खुंट रोवतात, ओढीच्या पाण्यात जाळं उघडं राहावं म्हणून. राजे-सुलतानांच्या लढाईत निकाल लावायला कारण झाले ते मासे धरायचे लाकडी खुंट, आणि ज्यांनी ते रोवले त्यांचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

११. त्या रशियन माणसाचं स्मारक कुठं आहे?

अफानासी निकितिन. त्वेर शहराचा व्यापारी, १४६९ च्या सुमाराला होर्मुझकडून जहाजानं चौलला उतरला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. सोबत विकायला एक घोडा आणला होता, कारण इकडं अरबी घोड्याला सोन्याचा भाव. पुढं जुन्नरला गेला तर तिथल्या खानानं घोडा ठेवून घेतला आणि धर्म बदल म्हणून अडून बसला, शेवटी मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला. चौलला उतरल्यावर त्यानं काय टिपलं तर इथले लोक डोकं उघडं ठेवतात, आणि आपण जिथं जाऊ तिथं गर्दी मागं येते, गोऱ्या माणसाचं नवल करत.

स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. शाळा चालू असेल तर ऑफिसात विचारूनच आत जा.

१२. एवढं मोठं बंदर होतं तर बंद का पडलं?

एका दिवसात नाही पडलं. नदी गाळ आणत राहिली आणि खाडी उथळ होत गेली, तेवढ्यात जहाजं मोठी होत गेली. त्यात सुरत वाढली, मग मुंबई. १५७१ मध्ये मुर्तझा निजामशाहानं मोठा वेढा घातला, तो पोर्तुगीजांनी परतवला, पण पुढच्या शतकात त्यांचाच जोर ओसरला. वसईच्या मोहिमेनंतर, १७४० च्या तहानं चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडं आलं. १८१८ नंतर इंग्रज, आणि त्यांना मुंबई असताना चौल कशाला हवं. घोडे आणि रेशमाचा व्यापार गेला, विणकर गेले, नारळीच्या वाड्या राहिल्या.

तरी बंदर मेलं असं म्हणू नका. होड्या आहेत, साळावच्या कारखान्याच्या बार्जेस त्याच खाडीतून जातात-येतात.

१३. कोकणातल्या नद्या मार्चला आटतात, कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी कुठून?

दोन गोष्टी मिसळू नका. रेवदंड्याला जे दिसतं ते खाडीचं खारं पाणी, भरतीबरोबर आत येतं आणि ओहोटीला जातं, त्याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. वर कोलाडला जे पाणी असतं, जिथं राफ्टिंग चालतं, ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं. आणि भिऱ्याला ते येतं मुळशी धरणातून, म्हणजे घाटावरच्या मुळेचं पाणी, जे पूर्वेला पुण्याकडं गेलं असतं, ते बोगद्यातून आणि पाइपांतून कोकणात उतरवलंय. याच धरणात जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशी सत्याग्रह झाला. खाडीकाठी चालताना हे आठवलं की पाण्याकडं बघणं बदलतं, निदान माझं तरी बदललं.

१४. वाळू काळी का? घाण आहे का?

घाण नाही. सह्याद्रीचा काळा बसाल्ट झिजून नदीतून येतो, त्यातले जड काळे कण वाळूत राहतात. मुलांना एक चुंबक द्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या वाळूतून फिरवायला सांगा, काळी बारीक पूड केसांसारखी उभी राहून चिकटते. पिशवी उलटी केली की चुंबक स्वच्छ. गोव्याच्या पांढऱ्या वाळूचे फोटो बघून आलात तर पहिल्यांदा वेगळं वाटेल, पण ओहोटीला ही ओली काळी वाळू आरशासारखी होते.

आणि खाली बघा. पाणी मागं गेलं की पाच मिनिटांत वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढे गोळे दिसायला लागतात, बिळाभोवती ओळीत मांडलेले. छोटे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढतात आणि उरलेली वाळू गोळा करून मागं टाकतात. स्थिर बसलात तर दोन हातांवर ते काम करताना दिसतात, सावली हलली की सगळे एकदम बिळात.

प्लास्टिक मात्र आहे, भरतीबरोबर येतं, आणि पर्यटकही टाकतात. आपलं आपण परत न्या.

१५. पोहता येईल का?

खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही. ओहोटीला नदीचं आणि भरतीचं साठलेलं सगळं पाणी एकदम बाहेर निघतं, वरून शांत दिसतं, खालून ओढून नेतं. वाळूचे दांडेही जागा बदलतात, काल गुडघाभर होतं तिथं आज डुबाव असतो. तोंडापासून लांब, उत्तरेकडच्या पुळणीवर, चढत्या पाण्यात गुडघ्यापर्यंत भिजा, तेवढं बास. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला मित्रांनीच अडवा.

गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. तळाला पाकट बसलेलं असतं, त्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं आणि वेदना असह्य असते. लागलंच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि सरळ डॉक्टरकडं. किनाऱ्यावर काही अडचण आली तर ११२, समुद्रात कोणी अडकलं असेल तर सागरी पोलिसांचा १०९३, ॲम्ब्युलन्सला १०८.

१६. किल्ल्याच्या आत जाता येतं का? तटावर चढू का?

अलिबाग-मुरुड रस्ताच किल्ल्यातून जातो, बरेच जण किल्ल्यात शिरून बाहेर पडतात आणि त्यांना कळतही नाही. तटाचा घेर साधारण पाच किलोमीटर धरतात. आत लोक राहतात, वाड्या आहेत, मधेच एखाद्या चर्चची भिंत माडांच्या वर डोकं काढते. सातखणी बुरूज नक्की बघा, सात मजल्यांपैकी चारच उरलेत तरी लांबून दिसतो.

चढू नका. वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी दगड धरून ठेवलेत आणि त्याच मुळ्यांनी ते फोडलेतही, कुठला दगड सुटेल सांगता येत नाही. संरक्षित स्मारक आहे, नाव कोरणं गुन्हा आहे. आणि बरेचसे अवशेष खासगी वाडीत आहेत, कुंपण ओलांडायच्या आधी हाक मारा, "काका, जरा बघू का?" एवढं विचारलं की नाही म्हणणारे फार कमी, उलट सोबत येऊन दाखवतात.

१७. कोर्लई त्याच दिवशी होईल?

चालत नाही. साळाव पुलावरून पलीकडं जाऊन मुरुड रस्त्यानं उजवीकडं वळावं लागतं, रिक्षा किंवा एसटी करा. सकाळी खाडीकाठ, दुपारी जेवण आणि चारनंतर कोर्लई असं जमतं. निघायच्या आधी पूल चालू आहे का तेवढं विचारा, दुरुस्तीची कामं निघतात. कोर्लईच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक भाषा अजून बोलतात, बोलणारे हजाराच्या आसपास राहिलेत, ते तिला नौ लिंग म्हणतात. गावात गेलात तर "बोलून दाखवा ना" असा आग्रह नको, ती त्यांची घरची भाषा आहे.

१८. खायचं काय?

घरगुती खानावळीत आधी फोन करून किंवा जाता जाता सांगून ठेवा, परत येईपर्यंत तयार. तांदळाची भाकरी, त्या दिवशी आलेला मासा, सोलकढी. जिताडा मिळाला तर सोडू नका. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं मागा, त्यासाठी वेगळं यावं इतकं चांगलं असतं. डिसेंबर-जानेवारीत पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून पाला दाबून मडकं उलटं करून भोवती जाळ. उन्हाळ्यात ताडगोळे. एप्रिलच्या आसपास रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतात, गोड कांदा, एक माळ घरी न्याच. सुकट, सोडे घ्यायचे तर कोळणींकडूनच घ्या, पण एसटीत बसायच्या आधी दोन पिशव्यांत बांधा.

१९. टॉयलेट, पाणी, सावली?

खाडीकाठी यातलं काही धरून चालू नका. एसटी स्टँडवर किंवा जिथं जेवणार तिथं आटपून घ्या, पाणी सोबत. सावली किल्ल्यात आणि सुरूंखाली. चप्पल नको, मागं पट्टा असलेले सँडल, दगडांवर कालवं चिकटलेली असतात आणि ब्लेडसारखी कापतात.

२०. गाडी पुळणीवर नेली तर? तंबू? ड्रोन?

गाडी नको. ओल्या वाळूत चाक रुततं आणि भरती थांबत नाही, दर सीझनला कोणाची ना कोणाची गाडी पाण्यात जातेच, वर पोलीस गुन्हा दाखल करतात. शिवाय खेकड्यांची बिळं चिरडली जातात. तंबू पुळणीवर टाकू नका, सुरूंच्या मागं कोणाच्या वाडीत परवानगी घेऊन टाका. ड्रोन संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय उडवता येत नाही.

२१. सिनेगॉग बघता येतो का?

बेने इस्रायली लोकांचा बेथ एल सिनेगॉग रेवदंड्यात आहे, १८४२ चा. हे लोक नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असं त्यांची परंपरा सांगते, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. आता गावात कुटुंबं थोडीच राहिलीत. बाहेरून बघा, आत जायचं तर देखभाल करणाऱ्यांना विचारा, आणि शनिवारी किंवा सणाला फोटोसाठी त्रास देऊ नका.

२२. वाळूत जुनं नाणं किंवा खापर सापडलं तर ठेवलं तर चालेल का?

नाही. पावसानंतर खापरांचे तुकडे वर येतात, बघा, फोटो काढा, जागेवर ठेवा. ते कुठल्या थरात, कशाशेजारी पडलंय यावरूनच अभ्यासकांना काळ कळतो, घरच्या शोकेसमध्ये गेलं की त्याला काही अर्थ उरत नाही. नाणी, दागिने असं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्याकडं गेलात तरी ते पुढं मार्ग सांगतात.

२३. कोळीवाड्यात फोटो काढले तर लोक चिडतात, असं का?

विचारलं तर चिडत नाहीत. बोंबील वाळत घालणारी बाई पहाटेपासून उभी असते, आणि कोणीतरी येऊन न बोलता तोंडासमोर कॅमेरा धरतो, कोणालाही राग येईल. आधी "मावशी, आज काय आलंय?" असं बोला, पाच मिनिटं थांबा, मग विचारा. वाळत घातलेल्या मासळीतून चालू नका, जाळ्यावर पाय देऊ नका, होडीत चपला घालून चढू नका. होडीला ते देवासारखं मानतात.

२४. किनाऱ्यावर कासव किंवा डॉल्फिन पडलेला दिसला तर?

जिवंत असेल तर परत पाण्यात ढकलू नका, बऱ्याचदा ते आजारी किंवा जाळ्यात जखमी झालेलं असतं आणि ढकललं की बुडतं. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, जागा नीट सांगा, जवळची खूण द्या. येईपर्यंत कासवावर ओलं फडकं टाकून सावली करा, नाकाडोळ्यांवर नाही, कुत्री लांब ठेवा. डॉल्फिन असेल तर अंगावर पाणी मारत राहा पण डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात जाऊ देऊ नका. मेलेलं असेल तरी फोन करा, हात लावू नका, ते नोंद घेतात. भरती चढत असेल तर प्रश्न ४ चा हिशोब करून किती वेळ आहे तेही फोनवर सांगा, त्यांना कुठल्या बाजूनं यायचं ते ठरवता येतं.